चार फिल्टर, अकरा मार्कर: साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर टिश्यूचं फेरीवार इमेजिंग

पुण्यातल्या बऱ्याच लॅबमध्ये चार फिल्टरचा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असतो: निळा, हिरवा, नारिंगी आणि दूरचा लाल. निळा होक्स्टकडे, म्हणजे केंद्रकं रंगवणाऱ्या रंगाकडे जातो. उरले तीन. एका सेक्शनवर, म्हणजे टिश्यूच्या पातळ कापावर, तीन प्रथिनं बघून टी-पेशी कुठे आहेत एवढं कळतं. त्या कुठल्या प्रकारच्या आहेत, वाढतायत का, शेजारी मॅक्रोफेज आहे की बी-पेशी, हे कळायला दहा-बारा मार्कर, म्हणजे पेशीची ओळख सांगणारी प्रथिनं, लागतात. त्यासाठी महागडं स्वयंचलित यंत्र असलंच पाहिजे असं नाही. एकाच सेक्शनवर तीन अँटिबॉडी लावायच्या, फोटो घ्यायचा, रंग मारायचा, म्हणजे त्याची चमक कायमची विझवायची, आणि पुढच्या तीन लावायच्या. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या गटाने २०१५ मध्ये पेशींवर आणि २०१८ मध्ये पॅराफिन सेक्शनवर मांडलेली ‘सायसिफ’ ही पद्धत याच तत्त्वावर चालते. खालची कृती त्याच धाटणीची आहे आणि पॅराफिन ब्लॉकमधल्या मानवी टॉन्सिलसाठी लिहिली आहे. पहिल्या प्रयोगाला टॉन्सिलच घ्या. त्यात बहुतेक सगळ्या रोगप्रतिकारक पेशी मिळतात, आणि कुठली कुठे असायला हवी हे आधीपासून ठाऊक असतं. रुग्णालयातला ब्लॉक वापरणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी सेक्शन कापायच्या आधी घ्या, नंतर नाही.

ट्युमरवर थेट उडी मारू नका. तिथे काही विचित्र दिसलं तर तो रोग आहे की तुमची चूक, हे ठरवायला काहीच आधार नसतो.

पॅनेल कागदावर

निम्मं काम इथेच होतं. रंग मारला की फ्लुरोफोर, म्हणजे चमकणारा रंगरेणू, मरतो, अँटिबॉडी मात्र जागेवरच राहते. म्हणजे पहिल्या फेरीत जे लावाल ते शेवटपर्यंत टिश्यूवर बसून राहणार. त्यामुळे सेकंडरी अँटिबॉडी, म्हणजे प्रथिनावर बसलेल्या बिनरंगाच्या प्रायमरी अँटिबॉडीला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी, फक्त पहिल्या फेरीत. दुसऱ्या फेरीपासून सगळ्या अँटिबॉडी थेट रंग जोडलेल्या घ्यायच्या, कारण दुसऱ्या फेरीत अँटी-माउस सेकंडरी टाकली तर ती पहिल्या फेरीतल्या माउस अँटिबॉडीलाही जाऊन चिकटेल.

सुरुवातीला चालेल असं एक पॅनेल, म्हणजे मार्करची फेरीवार यादी. ४८८ म्हणजे हिरवा चॅनेल, ५५५ नारिंगी, ६४७ दूरचा लाल. सीडी३ टी-पेशींचा मार्कर, सीडी४, सीडी८ आणि फॉक्सपी३ त्यांच्या प्रकारांचे, सीडी२० बी-पेशींचा, सीडी६८ मॅक्रोफेजचा, की-६७ वाढणाऱ्या पेशींचा:

फेरी १: फॉक्सपी३ (माउस, ६४७ सेकंडरी) आणि सीडी३ (रॅबिट, ५५५ सेकंडरी). हिरवा चॅनेल रिकामा ठेवा.
फेरी २: सीडी२०-४८८, की-६७-५५५, सीडी८-६४७.
फेरी ३: सीडी४५-४८८, सीडी६८-५५५, सीडी४-६४७.
फेरी ४: पॅन-सायटोकेरॅटिन-४८८, व्हिमेंटिन-५५५, स्मूथ मसल अ‍ॅक्टिन-६४७.

या क्रमामागे कारणं आहेत. फॉक्सपी३ मुळातच कमी असतं, म्हणून त्याला सेकंडरीचा जोर, ताजं टिश्यू आणि ६४७ चॅनेल मिळाला. लाल रक्तपेशी, कोलॅजन आणि इलॅस्टिन यांची स्वतःची चमक निळ्या-हिरव्या भागात सगळ्यात जास्त असते, दूरच्या लालमध्ये सगळ्यात कमी. म्हणून अशक्त मार्कर ६४७ ला आणि दणकट मार्कर ४८८ ला. सायटोकेरॅटिन शेवटी ठेवलं, कारण ते इतकं जोरदार चमकतं की रंग पुरता गेला नाही तर पुढच्या फेरीत त्याची सावली राहते. त्याच्यानंतर फेरीच नसेल तर प्रश्नच मिटला.

एकाच रेणूवर बसणाऱ्या दोन अँटिबॉडींबाबत सावध राहा. सीडी४५ आणि सीडी४५आरओ एकाच प्रथिनावर बसतात, त्यामुळे पहिली दुसरीची वाट अडवू शकते. दोन्ही हव्याच असतील तर दोन सेक्शनवर दोन्ही क्रम करून बघा. रंगांच्या बाबतीत अलेक्सा ४८८, ५५५, ६४७ पेरॉक्साइडने नीट मरतात. जोडरंग, म्हणजे एका रंगाची ऊर्जा दुसऱ्याला देणारे टँडम, या कामात नकोत. त्यांचा अर्धाच भाग मेला तर चमक भलत्याच चॅनेलमध्ये उगवते.

प्रत्येक अँटिबॉडी आधी एकटी तपासा. तेही दोन स्लाइडवर: एक ताजी, दुसरी अँटिबॉडीशिवायच चार वेळा रंग मारायच्या द्रावणातून गेलेली. दोन्हींवर सारखा नमुना दिसला तर ती कुठल्याही फेरीत चालेल. दुसऱ्या स्लाइडवर फिकी पडली तर तिला फेरी १ किंवा २ मध्येच जागा द्या. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण ती टाळून वाचवलेला आठवडा पुढे महिनाभर छळतो.

सेक्शन

फिक्सेशन १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, साधारण २४ तास. सेक्शन ५ मायक्रॉनचा, पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या स्लाइडवर. साध्या काचेवर घेतलेला सेक्शन चौथ्या फेरीपर्यंत टिकत नाही. फ्लोटिंग बाथमधून उचलल्यावर स्लाइड उभी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, ३७ °से वर रात्रभर सुकवा आणि मग ६० °से वर तासभर भाजा. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत नुसतं रॅकवर वाळवण्यावर विसंबू नका. सेक्शनखाली राहिलेली पाण्याची फिल्म अँटिजेन रिट्रीव्हलमध्ये (फिक्सेशनने झाकलेली प्रथिनं गरम बफरमध्ये परत उघडी करताना) उकळते आणि टिश्यू फुग्यासारखं उचलतं. कापलेल्या स्लाइड सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, ४ °से वर.

पॅराफिन काढणं नेहमीसारखंच: झायलीन ५ मिनिटं, तीनदा, फ्यूम हूडमध्ये, मग १००, ९५, ७० आणि ५० टक्के इथेनॉल, प्रत्येकी ३ मिनिटं, मग डिस्टिल्ड पाणी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी शेवटच्या धुण्यालासुद्धा नको. त्यातले क्षार काचेवर वाळून पांढरे ठिपके राहतात आणि फोकस त्या ठिपक्यांवर जाऊन बसतो. इथून पुढे स्लाइड एकदाही कोरडी पडता कामा नये. कोरडी पडलेली कडा हिरव्या चॅनेलमध्ये लख्ख चमकते आणि ती चमक पुढे काही केल्या जात नाही.

अँटिजेन रिट्रीव्हल

बफर: १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, ०.०५ टक्के ट्वीन-२०, पीएच ९. या पॅनेलसाठी सगळ्या स्लाइड याच बफरमध्ये करा. एका सेक्शनवर रिट्रीव्हल एकदाच होतं, म्हणून ज्या अँटिबॉडीला फक्त पीएच ६ चं सायट्रेट चालतं तिला पॅनेलबाहेर ठेवा किंवा तिचा दुसरा क्लोन शोधा.

वॉटर बाथ किंवा स्टीमर असेल तर ९५ ते ९८ °से वर २० मिनिटं. बफर आधी तापवा, मगच स्लाइड सोडा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी ९८ °से च्या आसपासच उकळतं; थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून तो बिघडलाय असं समजू नका. घरगुती प्रेशर कुकर बऱ्याच लॅबमध्ये वापरतात आणि तो उत्तम चालतो, फक्त शिट्ट्या मोजू नका. शिट्टी वजन, रबर आणि आच यांवर अवलंबून असते, दर वेळी वेगळी. पूर्ण दाब आल्यावर घड्याळ लावा आणि ३ ते ५ मिनिटांत थांबा. दाब आपोआप उतरू द्या, बफरसकट स्लाइड २० ते ३० मिनिटं गार होऊ द्या. गरम भांड्यावर थंड पाणी ओतलं की टिश्यूच्या कडा सुटतात.

नंतर पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेलं मिठाचं पाणी) ५ मिनिटं, तीनदा. हायड्रोफोबिक पेनने सेक्शनभोवती गोल काढा, टिश्यूपासून ३-४ मिलिमीटर लांब.

शून्यावी फेरी

बरेच जण ही फेरी गाळतात, आणि मग आकडे मांडताना अडकतात. आधी टिश्यूची स्वतःची चमक कमी करायची. त्यासाठी तेच द्रावण वापरायचं जे पुढे प्रत्येक फेरीनंतर लागणार आहे. ५० मिलीसाठी:

पीबीएस ४१.५ मिली, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ७.५ मिली, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १ मिली.

म्हणजे ४.५ टक्के पेरॉक्साइड आणि २० मिलिमोलर अल्कली. दर वेळी ताजंच बनवा. अल्कलीत पेरॉक्साइड आपोआप विघटित होत जातं आणि सकाळी केलेलं द्रावण संध्याकाळी निकामी असतं. ३० टक्के पेरॉक्साइड कातडी भाजतं, त्यामुळे ग्लोव्ह्ज आणि गॉगल हवेतच. उरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नका, आतल्या ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटते.

पारदर्शक ट्रेमध्ये स्लाइड आडवी, टिश्यू वर, वरून द्रावण. वर आणि खाली पांढरे एलईडी पॅनेल. ४५ मिनिटं, मग द्रावण बदलून आणखी ४५ मिनिटं. प्रकाश आणि पेरॉक्साइड दोन्ही लागतात. नुसत्या पेरॉक्साइडवर भागवायला गेलात तर रंग अर्धवट राहतो. टिश्यूवर बुडबुडे धरतात. ते पिपेटच्या टोकाने हटवायला जाऊ नका, ट्रे हळूच तिरपा करा. एलईडी पॅनेल तापत असेल तर खालच्या पॅनेलवर थेट ट्रे न ठेवता दोन सेंटिमीटर अंतर सोडा, नाहीतर बुडबुडे दुप्पट होतात.

पीबीएसने चारदा धुवा. मग ब्लॉकिंग: पीबीएसमध्ये ३ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन), अधिक ज्या प्राण्यात सेकंडरी बनली त्याचं १० टक्के नॉर्मल सीरम (सहसा गोट), तासभर. त्यानंतर प्रायमरी न लावता फक्त दोन्ही सेकंडरी, १:१०००, तासभर अंधारात, आणि होक्स्ट. फोटो घ्या, परत रंग मारा. सेकंडरी कुठे कुठे उगाच चिकटते आणि टिश्यूची मूळ चमक किती, हे या फोटोत नोंदलं जातं. पुढच्या सगळ्या फेऱ्यांची तुलना याच्याशी. म्हणून प्रत्येक चॅनेलचं एक्स्पोजर आधी एका चाचणी स्लाइडवर ठरवून घ्या आणि शून्याव्या फेरीत तेच वापरा. नंतर बदललेलं एक्स्पोजर ही तुलनाच मोडून टाकतं.

एक फेरी, सविस्तर

१. रंग जोडलेली अँटिबॉडी १०,००० जी ला ५ मिनिटं फिरवा आणि वरचा भाग घ्या. तळाशी बसलेले गठ्ठे स्लाइडवर गेले तर चांदण्या दिसतात.

२. दोन सेंटिमीटर चौरस सेक्शनला २५० मायक्रोलिटर पुरतं. सुरुवात १:१०० ने, म्हणजे प्रत्येकी २.५ मायक्रोलिटर; मग एकट्या स्लाइडवर १:५० ते १:४०० तपासून ठरवा.

३. ह्युमिड चेंबरमध्ये ४ °से वर रात्रभर, अंधारात. ‘रूम टेम्परेचरला दोन तास’ असं लिहिलेलं असतं तेव्हा २० ते २५ °से अपेक्षित असतं. एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या खोलीत कडेने अँटिबॉडी आटते आणि डिसेंबरच्या सकाळी तीच खोली थंडगार असते. रात्रभरचं इनक्युबेशन बाराही महिने सारखं येतं.

४. पीबीएसने ५ मिनिटं, तीनदा. पहिल्या फेरीत इथे सेकंडरी तासभर आणि परत धुणं.

५. होक्स्ट ३३३४२, १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, १० मिनिटं. १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या स्टॉकमधून १:१०,०००. प्रत्येक फेरीत नव्याने लावा, कारण पुढे सगळे फोटो एकमेकांवर जुळवायचे ते याच केंद्रकांच्या आधाराने.

६. पीबीएसमध्ये केलेलं ७० टक्के ग्लिसरॉल ८० मायक्रोलिटर, वर ०.१७ मिलिमीटरची, म्हणजे नंबर १.५ ची २४×५० कव्हरस्लिप. नेलपॉलिश नाही, सुकणारं माउंटिंग मीडियम तर अजिबात नाही.

७. फोटो. २० पट, ०.७५ एनएचं ऑब्जेक्टिव्ह पुरतं. शेजारच्या चौकटींमध्ये १० टक्के ओव्हरलॅप. हिस्टोग्रामचं वरचं टोक सॅच्युरेशनला टेकता कामा नये. एकदा पिक्सेल कमाल आकड्याला धडकला की खरा आकडा गेलाच. स्लाइड होल्डरमध्ये दर वेळी त्याच दिशेने, लेबल त्याच बाजूला.

८. कव्हरस्लिप उतरवणं. स्लाइड कॉप्लिन जारमध्ये पीबीएसमध्ये उभी ठेवा, १५ ते ३० मिनिटं. कव्हरस्लिप आपल्या वजनाने घसरते. नसेल घसरत तर आणखी अर्धा तास थांबा. नखाने किंवा चिमट्याने ओढली की सेक्शनचा तुकडा तिच्याबरोबर जातो, आणि बहुतेक वेळा नेमका तोच तुकडा जो हवा असतो.

९. रंग मारा, धुवा, होक्स्टशिवायच तीनही चॅनेलचा फोटो त्याच एक्स्पोजरला घ्या. शून्याव्या फेरीइतकी पातळी आली नसेल तर आणखी ३० मिनिटं. हा फोटो दर फेरीनंतर घ्या.

पहिल्या फेरीनंतर मात्र एक पायरी जास्त आहे. टिश्यूवर बसलेल्या सेकंडरीचा एक हात प्रायमरीला धरून असतो, दुसरा कधीकधी मोकळा राहतो. तो मोकळा हात दुसऱ्या फेरीतली रंगीत रॅबिट किंवा माउस अँटिबॉडी पकडतो. दिसतं ते असं: की-६७ जर्मिनल सेंटरमधल्या (फॉलिकल म्हणजे बी-पेशींचा गोळा, त्याच्या आतला पेशी वाढण्याचा भाग) केंद्रकांत भरीव ठिपके म्हणून दिसायला हवं, आणि तुम्हाला दिसतात फॉलिकलच्या बाहेर, टी-पेशींच्या पट्ट्यात, पेशीभोवती बारीक कडी. ती कडी सीडी३ ची आहेत. रॅबिट की-६७ रॅबिट सीडी३ वर बसलेल्या सेकंडरीने ओढून घेतलं. उपाय सोपा आहे: दुसऱ्या फेरीआधी १० टक्के नॉर्मल रॅबिट सीरम आणि १० टक्के नॉर्मल माउस सीरम, ३० मिनिटं, मग धुणं. रंग न जोडलेल्या अँटिबॉडी मोकळे हात भरून टाकतात.

आठवड्याचं वेळापत्रक

एक फेरी एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चालते: संध्याकाळी अँटिबॉडी, सकाळी धुणं आणि फोटो, दुपारी रंग मारणं, संध्याकाळी पुढची अँटिबॉडी. शून्यावी धरून पाच फेऱ्या एका आठवड्यात बसतात. पुणे परिसरात महावितरणचं देखभालीचं काम सहसा गुरुवारी निघतं, तेव्हा यूपीएस नसलेल्या मायक्रोस्कोपवर गुरुवारी सकाळी लांबलचक स्कॅन लावू नका. फेरी अर्धवट सोडावीच लागली तर कव्हरस्लिपखाली ग्लिसरॉलमध्ये, ४ °से, अंधारात. फोटो झालेला असला तर दोन-तीन दिवस काही बिघडत नाही.

फोटोंचं काय करायचं

जागेचा हिशोब आधी करा. ६.५ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २० पटीत एक पिक्सेल ०.३२५ मायक्रॉनचा पडतो. एक सेंटिमीटर चौरस म्हणजे सुमारे ९५ कोटी पिक्सेल. १६ बिटमध्ये एका चॅनेलचे जवळपास १.९ जीबी. पाच फेऱ्या, चार चॅनेल: ३८ जीबी, रंग मारल्यानंतरचे फोटो वेगळेच. पेन ड्राइव्हवर भागत नाही.

आधी प्रकाशाचा असमानपणा काढा (बेसिक), मग चौकटी जोडा आणि फेऱ्या जुळवा (अ‍ॅशलार), ओएमई-टिफमध्ये साठवा. बघायला आणि मोजायला क्यूपाथ. ही तीनही सॉफ्टवेअर नसली तरी फिजीवर छोट्या भागाचं काम होतं. केंद्रकं वेगळी करायला स्टारडिस्ट किंवा सेलपोज.

टॉन्सिलमध्ये लिंफोसाइट खेटून बसलेले असतात. केंद्रकाभोवती तीन-चार मायक्रॉनची कडी वाढवून तिला पेशी म्हटलं की शेजाऱ्याचं पटल आत येतं, आणि यादीत सीडी३ आणि सीडी२० दोन्ही असलेल्या पेशींची गर्दी दिसायला लागते. त्या पेशी नाहीत, तो शेजार आहे. कडी एक-दीड मायक्रॉनवर आणा आणि अशा जोडीचं प्रमाण किती कमी होतं ते बघा. ही जोडी मुळात जवळपास नसायलाच हवी, म्हणून सेगमेंटेशन, म्हणजे फोटोत पेशी वेगळ्या करणं, किती धड आहे हे मोजायला ती फुकटची पट्टी आहे.

शेवटची चाळणी म्हणजे हरवलेल्या पेशी. दर फेरीत थोडं टिश्यू जातंच, कडेने आणि चरबीच्या आसपास जास्त. जी पेशी तिसऱ्या फेरीत उडाली ती नंतरच्या सगळ्या मार्करना निगेटिव्ह दिसते. यादीत ती ‘सीडी४ नसलेली टी-पेशी’ म्हणून बसते आणि कुणाला शंकाही येत नाही. शून्याव्या आणि शेवटच्या फेरीचं होक्स्ट एकमेकांवर ठेवा, शून्याव्या फेरीचं हिरवं, शेवटच्या फेरीचं जांभळं. दोन्ही असलेली केंद्रकं पांढरी दिसतात. जी नुसती हिरवी राहिली ती मोजणीतून काढा, शून्य धरू नका.

चौथ्या फेरीचे फोटो नीट साठवले गेले याची खात्री झाली की कव्हरस्लिप उतरवून त्याच सेक्शनवर हिमॅटॉक्सिलिन-इओसिन करा आणि आता कायमचं माउंट करा. तुमचे अकरा रंग बघायला पॅथॉलॉजिस्टकडे वेळ नसेल, पण ही स्लाइड ते दोन मिनिटांत बघतात, आणि पुढे ट्युमरवर गेलात की तुम्ही ज्याला ट्युमरची कड म्हणताय ती खरंच कड आहे का ते सांगतात.